मुलाला पहिला पेग बापाने द्यावा का?

डोंगरवाट

मुलगा १९ चा झाला. पुण्यात हॉस्टेलला असतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परवा एका जुन्या मित्राने सल्ला दिला, "बाहेर कुठेतरी पिऊन येण्याआधी तूच त्याला घरी बसव. दोन पेग दे, पोटभर जेवू घाल, झोपव. हौस फिटते." त्याने स्वतःच्या मुलाच्या बाबतीत हेच केलं. आता बापलेक महिन्यातून एकदा गच्चीवर बसतात, असं तो कौतुकाने सांगत असतो.

माझं मत सध्या त्याच्याकडे झुकलंय. आमच्या घरी वडील माळकरी. दारूचा विषय म्हणजे शेजारच्याची किंवा पेपरातली भानगड, तीही कुजबुजत. त्यामुळे माझी पहिली वेळ हॉस्टेलच्या खोलीत उजाडली. पाणी प्यायचा स्टीलचा पेला, ओल्ड मंक आणि थम्स अप. माप कुणालाच ठाऊक नाही, मेस बंद झालेली, पोटात फक्त फरसाण. सिनियर एका दमात पेला रिकामा करत होते म्हणून आम्हीही केला. पुढचं सगळं सांगत नाही. ओकायला घेतलेली बादली नेमकी कुणाची, यावरून नंतर बरेच दिवस भांडण चाललं. पण एक पोरगा उताणा पडून घोरत होता, त्याला कुशीवर वळवायचं असतं हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. उलटी श्वासनलिकेत गेली असती तर संपलाच होता. वॉचमन वर आला, शिव्या घातल्या आणि त्याने वळवला.

आता मी लग्नकार्यात, मित्रांत कधीतरी दोन घेतो. मुलाने ते पाहिलंय. मग त्याच्यापासून लपवायचं काय? मतं हवीत. फक्त "दारू वाईट" एवढंच लिहायचं असेल तर ते बाटलीवर छापलेलं असतं, मी वाचलंय.

मसालापापड

हौस फिटत असती तर तुमचा मित्र दर महिन्याला गच्चीवर कशाला चढला असता?

पन्नाशीला आलोय, घेत नाही. शपथ नाही, माळ नाही, कावीळ झालेली नाही. मित्राच्या लग्नात बिअर चाखली होती, कडू लागली, विषय संपला. पण एवढ्या साध्या उत्तरावर कुणाचा विश्वास बसेल तर शपथ. "डॉक्टरांनी बंद केली का?" "वहिनींचा धाक दिसतोय!" ऑफिसच्या पार्टीत मी फ्रेश लाइम आणि मसाला पापडावर चार तास काढतो, आणि शेवटी बिल आलं की डोकी मोजून सारखं वाटतात. वर "तू चकणा संपवलास" हे ऐकायचं ते वेगळंच.

मुद्दा असा, की तुम्ही मुलगा पिणारच हे धरून चाललाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे १९ टक्क्यांच्या आसपास निघाले, बायकांत एक टक्क्याच्या थोडं वर. लोक सर्व्हेत खोटं बोलतात हे मान्य करून आकडा दुप्पट धरा, तरी न पिणारेच जास्त. पोराने अजून काही ठरवलेलं नाही आणि बाप ग्लास भरून तयार!

नियमावली

महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी २१ पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. आणि २५ नंतरही परवाना हवा. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. एका दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन, आजन्म हजार. विदेशी दारूचा परवाना "आरोग्य राखण्यासाठी" दिला जातो, हा त्यातला उत्तम विनोद. काउंटरवर कुणी विचारत नाही ते सोडा. १९ वर्षांच्या मुलाला घरात पेग देणं बेकायदा आहे, एवढं धाग्यावर नोंदलेलं असू द्या.

मांडवीकाठ

मी गोव्याचा, म्हणून थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे "पहिली वेळ" अशी तारीखवार कुणाला आठवतच नाही. लहानपणी सर्दी झाली की आजी छातीला फेणी चोळायची आणि चमचाभर साखरेवर घालून द्यायची. मार्चपासून काजूची बोंडं गोळा करायला आम्ही पोरंच जायचो. बी काढून ठेवायची, बोंडं तुडवून रस काढायचा, तो आंबला की भाटीवर चढायचा. पहिल्या उकळीचा उतरतो तो हुर्राक, तो परत गाळला की फेणी. हुर्राक मेअखेर संपतो, टिकत नाही. एप्रिलच्या दुपारी लिंबू, मीठ, चिरलेली मिरची, वर लिम्का. घरातले मोठे ओसरीवर बसून घेतात, मग जेवतात, मग झोपतात. चोरून प्यायची गंमतच नव्हती, त्यामुळे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना तिचं अप्रूपही नाही. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात अभिमान वाटला होता, लाज नाही.

डोंगरवाटांचा मित्र चुकीचं बोलत नाही. लपवाछपवी गेली की अर्धा रोग जातो.

अबोली

मांडवीकाठ, तुमच्या गावात दारूने गेलेला एकही माणूस नाही? ओसरीवरचे सगळे जेवून झोपतात आणि पाचला उठतात?

माझे वडील चोरून पीत नव्हते, उघड पीत. त्यामुळे अप्रूप वगैरे आमच्याकडेही नव्हतं. संध्याकाळी स्कूटर दारात यायची. स्टँड एका झटक्यात लागला तर ठीक. दोनदा घसरला की आम्ही दोघी बहिणी वह्या आवरून आतल्या खोलीत, आणि आई वाढलेलं ताट झाकून ठेवायची, कारण ते भिंतीवर जाण्याची शक्यता असे. सकाळी तोच माणूस वेणीला रिबिन बांधून द्यायचा, इतका मऊ. लोकांना वाटतं दारुड्याच्या पोरांना बापाचा राग असतो. राग सोपा असतो हो. ते सकाळचं प्रेम फार अवघड.

त्यांना पहिला घोट कुणी दिला माहितीये? आजोबांनी. शिमग्याला, घरात, कौतुकाने. "बाहेर पिण्यापेक्षा माझ्यासमोर घे." शब्दन् शब्द तुमच्या मित्राचा.

मी थेंब घेत नाही, घरात बाटली येऊ देत नाही. नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं, त्याने पाळलंय.

डोंगरवाट

अबोलीताई, वाचून गप्प झालो. पण एक विचारतो, रागावू नका. आजोबांनी दिला नसता तर ते प्यायले नसते का? माझ्या वडिलांनी कधी दिला नाही, तरी मी प्यायलोच. एकाच्या घरात एक झालं म्हणून तो नियम होत नाही, माझाही नाही नि तुमचाही नाही.

नियमावली, रीतसर नोंद घेतली. पाच रुपयांचा परवाना मी आजवर एकदाही काढलेला नाही, आता पकडून द्या.

रात्रपाळी

मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. नियम होत नाही म्हणता, तर मग अभ्यास बघा, आहेत. ऑस्ट्रेलियात १,९०० वर मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा केला, २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. आईवडिलांनी स्वतः दारू दिल्याने मुलं सांभाळून पितात असं काही दिसलं नाही. उलट घरून मिळणाऱ्यांना पुढे बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढली. अमेरिकेतलं १९९७ चं विश्लेषण त्याहून बोलकं आहे. १४ किंवा त्याआधी सुरुवात केलेल्यांत आयुष्यात कधीतरी व्यसनी होणारे ४० टक्क्यांवर, वीस किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत १० टक्क्यांच्या आसपास.

आणि "पोराला निदान बिअर देतो, ती काय दारू नव्हे" म्हणणारे बाप वॉर्डाबाहेर रोज भेटतात. हिशेब करा. ६५० मिलीची स्ट्राँग बाटली, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. तीस मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे १३. एक बाटली म्हणजे चार पेग, आणि पोरं ती गार आहे म्हणून घटाघटा संपवतात.

अवांतर: घरात कुणी रोज भरपूर पिणारं असेल तर "उद्यापासून एकदम बंद" अशी शपथ घरच्या घरी घालू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय कापतात, भास होतात, झटके येतात, माणूस दगावतोही. बंद करायची ती डॉक्टरच्या नजरेखाली. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, फोन करून विचारायला लाजू नका.

डोंगरवाट

सिस्टर, बिअरचा हिशेब खरंच माहीत नव्हता. पण तुमची ऑस्ट्रेलियातली मुलं बारा-तेरा वर्षांपासूनची, माझा १९ चा. अमेरिकेच्या आकड्यातही तो जवळपास दहा टक्केवाल्यांतच बसतो. म्हणजे तुमचाच अभ्यास माझ्या बाजूने!

रात्रपाळी

दहा टक्के म्हणजे दहातला एक. त्याच्या हॉस्टेलच्या मजल्यावर किती पोरं आहेत ते मोजा.

सेलूकर

आमचा वर्धा जिल्हा, १९७४ पासून कोरडा. भाऊ, इतका कोरडा की फोन केला तर घरपोच येते, फक्त भाव दुप्पट. माझी पहिली मोहाची, पहिल्या धारेची, शेताच्या बांधावर. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी. बंदी होती म्हणूनच गेलो होतो, नाहीतर त्या वासाला कोण जवळ जातं बाप्पा! गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये केली, २०२१ मध्ये उठवली. सरकारला जे सहा वर्षांत जमलं नाही ते अबोलीताई घराच्या उंबऱ्यावर जमवू म्हणतात, त्यांचं कौतुक आहे. पण पोराला घराबाहेर पाय ठेवायचाच असतो ना.

अबोली

सेलूकर, चंद्रपूरची बंदी कुणी मागितली होती तेही लिहा की. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बायका चालत गेल्या होत्या. बांधावर पहिल्या धारेची घेणाऱ्यांना बंदी विनोदी वाटते, ताट झाकून बसणारीला वाटत नाही. घरपोच मिळते हे खरंच आहे. पण चोरून आणावी लागते, मोठ्याने मागता येत नाही, भर चौकात दुकान नसतं, एवढ्यानेही एखाद्या घराची संध्याकाळ वाचते.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीत आठ-दहा वर्षं आहे. इथे आईवडील सोबत असतील तर १४ व्या वर्षी हॉटेलात बिअर-वाईन चालते, १६ ला एकट्याने, १८ ला कडक दारू. "घरी शिकवा" या विचाराचं हे सरकारी रूप. आणि आता इथेच ती १४ ची सवलत काढून टाका म्हणून मागणी चाललीय. माझ्या शेजारच्या काकांनी वडिलांसोबतच सुरुवात केली होती म्हणे. रोज सकाळी रिकाम्या बाटल्यांची क्रेट परत करायला जातात, अगदी टापटीप कपड्यांत. ना ओरडणं, ना भांडण. तरी त्यांना सभ्य पिणारा म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

झुळूक

सगळा धागा वाचला. "मुलगा", "बापलेक", "पोरगा". डोंगरवाट, मुलगी असती तर हा धागा निघाला असता का? माझा पहिला ग्लास वाईनचा, नाशिकला, ऑफिसच्या सहलीत, वय २७. छान वाटलं, एवढंच. ना व्यसन लागलं ना पश्चात्ताप झाला. पण फोटोत हातातला ग्लास दिसतो म्हणून तो फोटो आजही घरच्यांपासून लपवलेला आहे. भावाचे मात्र गटारीचे फोटो फॅमिली ग्रुपवर!

डोंगरवाट

मुलगी आहे. २३ ची, बंगळुरूला नोकरी करते. तिला मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तिचं तिला कळतं.

झुळूक

तिचं तिला कळतं, आणि १९ वर्षांच्या घोड्याला बापाने शिकवायचं. बरं.

तिसरासेम

मी २० चा आहे, म्हणून धाग्यातल्या वस्तूकडून दोन शब्द. काका, त्याने घेतली असेल. किंवा नसेल घेतली, आणि रोज मित्रांना नाही म्हणून थकला असेल. दोन्ही बाबतीत बाबांसमोर बसून पेग घेणं म्हणजे शिक्षा आहे. माझ्या बाबांनी मला बसवलं होतं. सगळा वेळ ते त्यांच्या कॉलेजच्या गोष्टी सांगत होते, माझं काही विचारलंच नाही. मला तेव्हा बरंच काही सांगायचं होतं, दारूचं नव्हतंच ते.

ते कुशीवर वळवायचं मात्र सांगा. आमच्याकडे अजून कुणाला माहीत नाही. आणि रात्री दोनला फोन केला तर आधी प्रवचन न देता गाडी घेऊन येणार का, तेही सांगून ठेवा. पोलिसांच्या मशीनसाठी १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम पुरतं, पकडलं तर दहा हजार दंड. एवढे पैसे आमच्यापैकी कुणाकडे नसतात, म्हणून पोरं गल्लीबोळांतून बाइक काढतात. मेन रोडपेक्षा तिथेच जास्त पडतात.

मसालापापड

तिसरासेमला माझा पापड.

अबोली

एक राहिलंच. वहिनींना विचारलंत का?

डोंगरवाट

तिसरासेम, फोनचं आजच सांगतो. पेगचं २१ होईपर्यंत लांबणीवर टाकतोय. रद्द केलेलं नाही, मसालापापडांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत.

अबोलीताई, विचारलं. म्हणाली, "बसा तुम्ही दोघं. त्या दिवशी मी आईकडे जाते." मी विचारलं, म्हणजे तुझी ना आहे का? तर म्हणे, "मी कुठे ना म्हणाले?" आता याचं काय करायचं ते सांगा.