गाडीच्या सीटमध्ये कमरेचा आधार बसवायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी घाटंजीचा. कामासाठी रोज यवतमाळला गाडीनंच जाणं-येणं. गाडी 2014 ची, साधी हॅचबॅक. सीटला कमरेच्या आधाराची सोय नाही आणि आता पाठीचा फोमही दबलाय. कंबर मागं खचते, गड्डा आला की दणका थेट मणक्यात. उतरल्यावर पटकन सरळ उभं राहता येत नाही. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, मणक्यातल्या गाद्या ठीक आहेत, पण बसताना कमरेचा बाक सपाट होऊ देऊ नका.

जाळीची तयार पाठ लावून पाहिली, ती घसरते. आईनं घरच्या कापसाची उशी शिवून दिली. सुरुवातीला फार बरं वाटलं, मग कापूस दबून त्याचा गोळा झाला. म्हणून आता सीटच्या आतच काही बसवायचं म्हणतो.

कुशनवाले म्हणतात, कव्हर काढून कडक फोमचा तुकडा चिकटवून देतो. पण हीच गाडी बायकोही चालवते, ती माझ्यापेक्षा बरीच ठेंगणी. एकदा चिकटवला की संपलं. दुसरा पर्याय हातपंपाच्या हवेच्या पिशवीचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, गाडी दिवसभर उन्हात. पिशवी टिकेल का? आणि बसवायची नेमकी किती उंचीवर? कोणी केलं असेल तर सांगा ना.

प्रतिसाद:
भाऊ, आधी फोममागची तारेची जाळी बघा. पाठीच्या कव्हरची खालची कड बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या पट्टीनं अडकवलेली असते, कुठं चेन असते. ती सोडली की हात आत जातो. जाळीचा आकडा निसटला असेल तर अर्धं दुखणं तिथंच आहे.

दोघं चालवता तर पिशवीच घ्या. कुल्ले पार मागं टेकवून बसा आणि पँटच्या पट्ट्याच्या जरा वर सीटवर खडूनं खूण करून घ्या. पिशवीचा मध्य तिथं. वहिनींचीही खूण घ्या. पिशवी आणि जाळी यांच्यामध्ये जाड रेक्झीन घाला, नाहीतर तार टोचून भोक पडेल. हवा थोडीच भरा. जास्त भरली की खांदे सीटपासून सुटतात, डोकं हेडरेस्टपासून लांब जातं. गाडी उन्हात लावताना हवा सोडून ठेवा, तापून फुगते.

सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर मात्र कव्हरला हात लावू नका, कंपनीच्या वर्कशॉपलाच विचारा.

धागाकर्ता:
आभार भाऊ. चिठ्ठी नाही, पाहिलं. खुणाही केल्या, दोघांच्या खुणांत चार बोटांचं अंतर आहे. मग पिशवी वर-खाली सरकवायला मागं वेल्क्रोची उभी पट्टी लावली तर चालेल का? आणि पंपाची नळी कोणत्या बाजूनं काढू? दाराकडच्या बाजूला पाठ मागं-पुढं करायचा दांडा आहे, त्यात ती चेपायला नको.