नैवाशाचं उदाहरण नाशिकला लावू नका

गोदाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, 'गंगापूर धरणाच्या काठाने गुलाबाची पॉलिहाऊस उभी करा, नाशिकचं केनियातलं नैवाशा होईल. दगडही दोन्हीकडे ज्वालामुखीचाच.' डोकंच फिरलं. मी तीन वर्षं नैवाशाच्या काठावर फुलांच्या शेतात नोकरी केली आहे.

ते सरोवर खचदरीत आहे, शेजारी लोंगोनोट ज्वालामुखी. सरासरी खोली जेमतेम पाच-सहा मीटर. मलेवा आणि गिलगिल नद्या आत येतात, बाहेर एकही जात नाही. तरी पाणी गोड! कारण ते तळातल्या सच्छिद्र खडकातून झिरपतं आणि क्षार सोबत नेतं. त्याच दरीतलं नाकुरू मात्र खारं आहे. इतक्या उथळ पाण्याला जरा ओहोटी लागली की काठ लांब पळतो. २००९ च्या दुष्काळात तो पळाला. २०२० ला उलट पाणी चढलं आणि काठच्या वस्तीत शिरलं. आपलं गंगापूर म्हणजे नदीवरचं धरण, शहराचं पिण्याचं पाणी. आपल्या सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या पाषाणाचा त्या दरीशी काय संबंध?

जानोरीवाला: तिथला पगार तुम्ही घेतलात, आणि आम्ही गुलाब लावायचा नाही? माझं वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस ठिबकवर आहे. कर्ज काढून उभं केलं. मार्च २०२० ला तोडलेली फुलं ट्रॅक्टरने उकिरड्यावर ओतली. कळ्या उघडल्याही नव्हत्या. आई शेजारी उभी राहून बघत होती. त्या हप्त्यांबद्दल कुणी धागा काढला नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव: हप्ते आम्हालाही आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरच्या पावसात बाग गेली. पाण्याच्या नावाने आधी शेतकऱ्यालाच धरायचं, ही सवयच झाली आहे.

गोदाकाठ: मी शेतकऱ्याला कधी धरलं? विषय कर्जाचा नाही!

जानोरीवाला: आमच्यासाठी तोच विषय आहे.

निफाडची_लेक: दोघंही काठावरून बोलताय, मी खालच्या अंगाला राहते. नैवाशात पानवेली आहेत, आमच्याकडेही आहेत. पुरात सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि पाणी गावाकडे वळतं. माझ्या माहेरच्या ओट्यावर अजून त्या चिखलाची रेघ आहे. पुढे नांदूर मधमेश्वरला बंधाऱ्याआड गाळ साचून पाणी उथळ झालंय. २०२० ला ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, नैवाशा १९९५ पासूनच आहे. पाटी लागली म्हणून पाणी स्वच्छ राहत नाही. या वेली शहराच्या सांडपाण्यावर पोसतात, गुलाबावर नाही.

गोदाकाठ: सांडपाण्याचं मान्य. ते मी लिहायला हवं होतं. पण खताचं पाणीही नदीतच जातं, तेही धरा.

जानोरीवाला: माझं निचऱ्याचं पाणी टाकीत जमा होतं, पुन्हा वापरतो. सगळेच तसं करत नाहीत, हे खरं. आणि धरणाच्या काठाला पॉलिहाऊस नको, एवढं तुमचं पटलं. बाकीचं नाही.

निफाडची_लेक: मग या पावसाळ्याआधी सायखेड्याला वेली काढायला कोण येतंय ते सांगा. ट्रॅक्टर आमचा.