व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिक टाइलसाठी कटरचे कोणते चाक घ्यावे?

प्रश्न (नवे_घर):
नमस्कार. न्हाणीघराच्या भिंतींसाठी साध्या सिरॅमिक आणि जमिनीसाठी खडबडीत व्हिट्रिफाइड टाइल आणल्या आहेत. हातकटरवर ६ मिमी व्यासाचे चाक आहे. भिंतीची टाइल त्याने सरळ तुटते, परंतु जमिनीच्या टाइलवर रेघ मध्येमध्ये सुटते आणि शेवटच्या दोन इंचांत तुकडा वाकडा जातो. दोन्हींसाठी एकच चाक चालेल का?

उत्तर (फरशीकाम):
शक्यतो दोन चाके ठेवावीत. पोर्सिलेन, म्हणजे आपल्या बाजारातली व्हिट्रिफाइड टाइल, ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, तर भिंतीची सिरॅमिक टाइल साधारणपणे १० टक्क्यांहून अधिक शोषते. त्यामुळे पहिली कितीतरी घट्ट आणि कठीण असते. मात्र तुमची अडचण कठीणपणापेक्षा पृष्ठभागाची दिसते. लहान चाक खडबडीत टाइलच्या प्रत्येक खळग्यात उतरते आणि उंचवट्याला अडखळते, तर १८ किंवा २२ मिमीचे चाक त्यावरून सलग फिरते. गुळगुळीत ग्लेझसाठी, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थरासाठी, ६ किंवा ८ मिमी योग्य. गुळगुळीत पण कठीण व्हिट्रिफाइडसाठी मी १० मिमी वापरतो. खरेदीपूर्वी चाकाचे भोक आणि कटरच्या धारकाचे माप जुळते का, हे अवश्य तपासावे, कारण प्रत्येक कंपनीची मापे वेगळी असतात.

उत्तर (सांधेपट्टी):
वरील उत्तर मान्य आहे, पण चाक बदलण्याआधी जुन्याची धार पाहावी. ते आसावर मोकळे फिरत नसेल किंवा धारेला खपली निघाली असेल, तर रेघ तुटकच येणार. चाक टाइल कापत नाही, तर ग्लेझवर बारीक चीर पाडते आणि नंतरच्या दाबाने टाइल त्या चिरेवर दुभंगते. म्हणून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सारख्या दाबाने, एकदाच रेघ मारावी. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवले की शेजारी दुसरी चीर पडते आणि टाइल भलतीकडेच तुटते. शेवटचे दोन इंच वाकडे जाण्याचे कारण बहुधा रेघ कडेपर्यंत न पोहोचणे हेच असते. दाब बरोबर असला तर एकसारखा करकर आवाज येतो. रेघेच्या कडेला पांढऱ्या खपल्या उडू लागल्या की दाब कमी करावा. चाक टंगस्टन कार्बाइडचेच घ्यावे. सोनेरी टायटॅनियम मुलाम्याचे महाग पडते, पण व्हिट्रिफाइडचे काम बरेच असेल तर ते घेणे मला योग्य वाटते.

प्रश्न (नवे_घर):
धन्यवाद. नहाणीच्या जाळीभोवती इंग्रजी एल आकाराचे काप घ्यायचे आहेत. तेही मोठ्या चाकाने जमतील का?

उत्तर (फरशीकाम):
नाही. रेघ मारून तोडण्याची पद्धत सरळ, कडेपासून कडेपर्यंतच्या कापापुरतीच आहे. आतल्या कोपऱ्यांसाठी ग्राइंडरला अखंड कडेचे डायमंड ब्लेड लावावे आणि मास्क व चष्मा वापरावा, कारण या टाइलच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते. पाणी घालून कापायचे असेल, तर त्यासाठीच बनवलेले यंत्र वापरावे. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतू नये.