जुन्या पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स बदलायचाय, त्याआधी विचारतो

मोहाडीकर

नमस्कार मंडळी. आमची 2003 ची डिझेल पिकअप आहे, वडिलांनी नवी घेतलेली. साधं स्टिअरिंग, पॉवर नाही. पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे. पावसाळ्यात टोमॅटो, जानेवारीपासून द्राक्षं, मधल्या दिवसांत खतं-औषधं. वर्षभर ती उभी राहत नाही.

गेल्या वर्षभरात स्टिअरिंगचा प्ले वाढत गेला. आता सरळ रस्त्याला स्टिअरिंगचं चाक दोन-अडीच इंच हलवलं तरी गाडीला पत्ता नसतो. रिकामी असली तर निभतं. पण 20 किलोचे 50 क्रेट भरून पिंपळगावला निघालो आणि आग्रा रोडला शेजारून ट्रेलर गेला, की गाडी त्याच्याकडे झुकते आणि मी चाक शोधत राहतो. मागच्या आठवड्यात वाशीचा माल घेऊन रात्री कसारा घाट उतरलो. शेजारी धाकटा भाऊ झोपलेला. खाली पोचेपर्यंत माझे तळवे ओले झाले होते. त्या रात्रीच ठरवलं, काम झाल्याशिवाय गाडी भरायची नाही.

गॅरेजवाल्याने स्टिअरिंग बॉक्सवरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीवरचा, स्क्रू आवळून दिला. दोन दिवस बरं वाटलं. मग वळण घेतल्यावर चाक आपसूक परत येईना, ओढून आणावं लागतंय. मधला प्ले आहे तो आहेच. आता तो म्हणतो अख्खा बॉक्स बदला. नाशिकच्या द्वारकेला दोन दुकानांत विचारलं, एकाने मागवून देतो म्हटलं, पण वेळ लागेल. भंगारातला घेतला तर चालेल का? आणि हे काम मी आणि चुलतभाऊ मिळून घरी करू शकतो का? क्लच प्लेट, ब्रेक, पाटे आम्ही घरीच केलेत.

जुना फिटर, सातपूर

मोहाडीकर भाऊ, सगळ्यात आधी तो स्क्रू होता तिथे परत सैल करा. आजच करा. तो आवळलेला ठेवून गाडी चालवू नका.

कारण सांगतो. गाडी सर्वात जास्त सरळ चालते, म्हणून बॉक्सच्या आतले दाते मधोमध झिजतात, दोन्ही टोकांना जवळजवळ नवेच राहतात. मधला प्ले मारायला स्क्रू आवळला की टोकाकडचे दाते एकमेकांत रुततात. तुमचं चाक परत येत नाही ते याच्यामुळे. भरल्या गाडीत घाटातल्या वळणावर असं अडकणं प्लेपेक्षा वाईट.

आता बॉक्स खरंच गेलाय का ते बघा. माझ्याकडे स्टिअरिंगची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी गाड्यांत बॉक्स चांगला निघायचा आणि खराबी दुसरीकडेच असायची. गाडी जमिनीवरच राहू द्या, चाकं सरळ, इंजिन बंद. चुलतभावाला आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवायला सांगा, जोर न लावता. तुम्ही खाली झोपून एकेक सांध्यावर हात ठेवा. वरून येणारा दांडा फिरतोय आणि बॉक्सखालचा ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टवर बसलेला हात, हलत नाही, तर दोष बॉक्समध्ये. आर्म हलतोय पण त्याला जोडलेला चाकाकडे जाणारा दांडा, ड्रॅग लिंक, उशिरा हलते, तर तो बॉल जॉइंट संपलाय. पुढे टाय रॉडची, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची, दोन्ही टोकं बघा. पाट्याचं टोक चेसिसला धरणाऱ्या शॅकलचे पिन-बुश बघा, ते खाल्ले असले तर ॲक्सलच मागेपुढे सरकतो. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन) आणि बेअरिंग कळतील.

आणि बॉक्स चेसिसला जिथे बसतो तिथली माती खरवडून काढा. बोल्ट ढिले असतात, कधी चेसिसलाच बारीक चीर असते. असा बॉक्स सगळाच्या सगळा हलतो आणि आपण आतल्या दात्यांना दोष देतो.

तपासून कळवा, मग पुढचं सांगतो.

राहुड घाट

भंगारातल्या बॉक्सबद्दल माझा अनुभव. अंबड लिंक रोडकडून एक आणला होता, वरून रंग मारलेला, दिसायला नवाकोरा. बसवल्यावर आठ दिवसांत तेल गळून बॉक्स कोरडा. पुन्हा आणला तेव्हा शिकल्यासारखा आणला: दुकानातच दांड्याला पाना लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवला. कुठे खडा लागल्यासारखं वाटलं, की ठेवून द्यायचा. मग ड्रॉप आर्मचा शाफ्ट धरून बाजूला ढकलून बघायचा, लटलट लागली तर बुश गेलेत. आपला जुना बॉक्स सोबत न्याच. बोल्टची भोकं, शाफ्टची जाडी आणि दाते मोजून घ्या. लांबून सारखे दिसणारे बॉक्स बसत नाहीत.

मोहाडीकर

फिटर काका, काल संध्याकाळी तासभर खाली झोपून होतो. स्क्रू सैल केला, चाक परत यायला लागलं. ड्रॅग लिंकचं पुढचं टोक गेलंय, हाताने वर-खाली होतं. पण बॉक्सही गेलाय. दांडा स्पष्ट फिरतो आणि आर्म जागचा हलत नाही. चेसिसला चीर नाही, एक बोल्ट मात्र हाताने फिरला. वडील म्हणाले नवा मागव, यात काटकसर नको. द्वारकेला सांगून आलो. बसवताना काय सांभाळू?

जुना फिटर, सातपूर

वडिलांचं ऐकलंत ते फार चांगलं केलंत.

ड्रॉप आर्म काढणं हे या कामातलं खरं कठीण. पुलर, म्हणजे आर्म ओढून काढायचं हत्यार, आणा, नसेल तर भाड्याने आणा. हातोड्याने ठोकून काढायचा नाही आणि गॅसने तापवायचाही नाही. ठोके नट काढलेल्या शाफ्टवरून थेट आतल्या बेअरिंगवर बसतात, आणि तापवलेल्या आर्मचं पाणी उतरतं, म्हणजे लोखंडाचा कडकपणा जातो. जुना बॉक्स टाकायचाच असला तरी आर्म तोच पुन्हा लावणार आहात. रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी पुलर घट्ट करून थोडं थांबा. आवाज करून सुटतो.

काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर पंचाने खूण करा. वरचा दांडा आणि जॉइंट जिथे जुळतो तिथेही करा.

नवा बॉक्स हातात आला की तो मधोमध आणायचा. एका टोकापर्यंत हळू फिरवा, टोकाला आपटू नका, आतल्या गोळ्यांच्या नळ्या वाकतात. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फेरे मोजा आणि बरोबर निम्मे परत या. चाकं सरळ, बॉक्स मधोमध, स्टिअरिंगच्या चाकातल्या काड्या सरळ, अशा स्थितीत आर्म चढवा. आर्म एक दाता जरी चुकला तर गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते. त्याहून वाईट म्हणजे ॲक्सलवरचा स्टॉप (चाकं जास्त वळू न देणारा अडथळा) टेकायच्या आधी बॉक्सचा आतला शेवट येतो आणि सगळा मार बॉक्सवर बसतो. बसवून झाल्यावर दोन्हीकडे पूर्ण वळवून खाली बघा. ॲक्सलचा स्टॉप आधी टेकला पाहिजे.

काड्या थोड्या तिरक्या राहिल्या तर स्टिअरिंग काढून दाते बदलू नका, ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त करून सरळ करा. टाय रॉडला हात लावला नसेल तर पुढचं अलाइनमेंट बदललेलं नसतं. त्याचं टोक बदलणार असाल तर मात्र टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, मोजूनच घ्या.

बॉक्समध्ये 90 नंबरचं गिअर ऑइल भरा, ग्रीस नको. बोल्ट, वॉशर, स्प्लिट पिन सगळं नवं घ्या. सुमारे 50 किलोमीटरनंतर चेसिसचे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या बॉक्सवरच्या स्क्रूला हात लावायचा नाही, तो कंपनीतून बसवून येतो.

मोहाडीकर

काका, रविवारी काम झालं. सकाळी आठला लागलो, दुपारी चार वाजले. त्यातले तीन तास आर्मलाच गेले. पुलर घट्ट करून जेवायला बसलो आणि जेवताना ओसरीवर ठण्ण असा आवाज आला, आई दचकली. फेरे मोजून निम्मे घेतले. ॲक्सलचा स्टॉप दोन्हीकडे आधी टेकतोय, फोटो काढून ठेवलाय.

काल रिकामी गाडी वणीपर्यंत नेली. येताना वडिलांनी चालवली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ती हातात घेतली होती. काही बोलले नाहीत, घरी आल्यावर किल्ली मला देताना एवढंच म्हणाले की उद्या बोल्ट आवळून घे आणि परवा क्रेट भर.

राहुड घाट

छान झालं. जुना बॉक्स टाकू नका, बाहेरचा सांगाडा आणि कव्हर कुणाला तरी लागेलच. मला कळवा, मी चांदवडहून घ्यायला येतो.