पोस्टग्रेस: डिलीट करूनही डिस्क मोकळी होत नाही

पंचवटीकर:
पिंपळगावचं द्राक्ष पॅकहाऊस. कोल्ड रूममधले ४० सेन्सर दर सेकंदाला तापमान नोंदवतात. पोस्टग्रेस डेटाबेसमधलं चार हंगामांचं टेबल इंडेक्ससकट (शोध जलद करणाऱ्या सूचीसकट) ९० जीबी झालं. पहिल्या दोन हंगामांच्या ओळी डिलीट केल्या, तरी डिस्कवर १८ जीबीच मोकळी. व्हॅक्यूम फुल (टेबल आवळून जागा सोडवणारी कमांड) मारू का?

सिडको_डीबीए:
अजिबात नको. ते टेबल नव्या फाइलीत परत लिहितं आणि काम संपेपर्यंत जुनी फाइल तशीच राहते. म्हणजे उरलेल्या निम्म्या ओळींसाठी साधारण ४५ जीबी मोकळे हवेत, तुमच्याकडे १८. शिवाय तोवर टेबलाला पूर्ण लॉक; साधं सिलेक्टसुद्धा (नुसतं वाचणं) थांबतं, सेन्सरच्या नोंदी तर अडकणारच.

डिलीटने ओळ पुसली जात नाही, नुसती मेलेली ठरते. टेबल ८ केबीच्या पानांत आणि ती पानं १ जीबीच्या फाइलींत असतात. साधं व्हॅक्यूम मेलेल्या ओळींची जागा नव्या नोंदींना वापरू देतं; ऑपरेटिंग सिस्टिमला परत जातात ती फक्त टेबलाच्या शेवटची सलग रिकामी पानं. तुमच्या जुन्या ओळी सुरुवातीला आहेत आणि ताज्या शेवटी, मग काय सुटणार? पण जागा वाया गेलेली नाही. साधं व्हॅक्यूम नीट झालं तर पुढचे दोन हंगाम टेबल फारसं वाढणार नाही.

पंचवटीकर:
ते चालवलं. मेलेल्या ओळींचा आकडा हलत नाही.

गोदाकाठ:
कुठलं तरी ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारा कामांचा गट) उघडं राहिलंय. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये, म्हणजे चालू कनेक्शनांच्या यादीत, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ शोधा. डिलीटच्या आधीपासून उघडं असलेल्या ट्रान्झॅक्शनला त्या ओळी अजून दिसू शकतात, म्हणून व्हॅक्यूम त्यांना हात लावत नाही. ते बंद करून व्हॅक्यूम परत चालवा, या वेळी व्हर्बोज लावून, म्हणजे तपशीलही दिसेल.

सिडको_डीबीए:
बरोबर. आणि पुढच्या हंगामाआधी महिन्यावार पार्टिशन करा, म्हणजे टेबलाचा दर महिन्याचा वेगळा तुकडा. जुना महिना ड्रॉप केला की फाइलच जाते, व्हॅक्यूमची भानगडच नाही. ‘प्रायमरी की’ (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारे कॉलम) असेल तर तिच्यात वेळेचा कॉलम घ्यावाच लागतो, इथे बरेच जण अडकतात.

गोदाकाठ:
मुळात दर सेकंदाला नोंद कशाला? वेळ ८ बाइट, सेन्सर क्रमांक ४, तापमान ४: माल १६ बाइटचा. त्यावर ओळीचं हेडर २४ बाइट आणि पानातला पॉइंटर ४. द्राक्षांपेक्षा क्रेटच जड! मिनिटाला एक नोंद ठेवा, ओळी साठाव्या हिश्शावर येतील.