'अर्धशिशी आहे का?' – 'नाही, माझं अख्खं डोकं दुखतं'

शाईपेन
एका दवाखान्यासाठी डोकेदुखीचा फॉर्म मराठीत करते आहे. मसुद्यात मायग्रेनला 'अर्धशिशी' आहे. काल तिथल्या सिस्टरांचा फोन आला, "ताई, हा शब्द बदला. 'अर्धशिशी आहे का'पुढे बायका सरळ 'नाही' लिहितात. विचारलं तर म्हणतात, माझं अख्खं डोकं दुखतं, अर्धं कुठलं?" आणि त्याच बायका पुढच्या पानावर लिहितात की उजेड सोसत नाही, उलट्या होतात, दोन-दोन दिवस काही सुधरत नाही.

तर अर्धशिशी ठेवायचा की मायग्रेन? शिवाय दुखणं कसं आहे, या प्रश्नात 'थ्रॉबिंग' आहे. मी 'ठणकणारे' केलंय. सासूबाई म्हणतात दाढ ठणकते, गळू ठणकतं, डोकं कधी ठणकत नाही. आधीच्या भाषांतरात 'स्पंदनशील वेदना' होतं, ते वाचूनच एक कळ येऊन गेली. आणि 'ऑरा'ला, म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकायला लागतं त्याला, काय म्हणायचं? फॉर्म शुक्रवारी जायचाय.

तळटीप
अर्धशिशीच. घरचा शब्द असताना परका कशाला? अर्ध + शीर्ष. शीर्षाचं प्राकृतात 'सीस', त्यावरून शिशी. दागिन्यातलं शिसफूल आठवा. हिंदीत आधासीसी, गुजरातीत आधाशीशी. सगळं गोत जागेवर आहे.

अर्धवट
मी इतकी वर्षं समजत होतो, रात्री अर्धी शिशी संपवली की सकाळी जे होतं ती अर्धशिशी.

तळटीप
त्याला वेगळा धागा काढा.

मुक्कामपोस्ट
सासूबाईंना आमचा पाठिंबा. कोल्हापुराकडं डोकं ठणकत नाही, 'उठतं'. "डोस्कं उठलंय" म्हटलं की समोरचा गप बसतो. पण थ्रॉबिंगचा अर्थ उठण्यात येत नाही हे खरं. त्याला आमची आजी म्हणायची "कानशिलाची शीर उडाय लागली". बोट लावलं तर खरंच उडताना लागते. 'शीर उडल्यासारखे दुखणे' असं लिहा की.

शाईपेन
'शीर उडणे' फार छान आहे! पण पुण्या-मुंबईचे पेशंट पापणी उडण्यासारखं काही समजतील का?

मांडवीकाठ
गोव्यात आम्ही "तकली फोडटा" म्हणतो. साधं दुखणंही फोडतं आणि मायग्रेनही फोडतंच, त्यामुळे तुमच्या फॉर्मला काही उपयोग नाही. सहज सांगितलं.

रविवारचा_डॉक्टर
सिस्टरांचं निरीक्षण अगदी बरोबर. एकाच बाजूला दुखणं ही मायग्रेनची अट नाही. आम्ही चार गोष्टी बघतो: एका बाजूला दुखणं, ठोके पडल्यासारखं दुखणं, काम सुचू नये इतकं दुखणं, आणि जिना चढला-उतरला की वाढणं. यांतल्या दोन असल्या तरी पुरे. जोडीला मळमळ-उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास. खूप जणांचं दोन्ही बाजूंना दुखतं, लहान मुलांचं तर बहुधा तसंच. म्हणून माझं मत मायग्रेनला. शब्दात 'अर्ध' असला की गोंधळ होणारच.

तळटीप
डॉक्टर, मायग्रेनमध्येही अर्धंच आहे! ग्रीक 'हेमिक्रानिया', हेमि म्हणजे अर्धं, क्रानिओन म्हणजे कवटी. लॅटिनमधून फ्रेंचांकडे गेला तेव्हा पुढचा 'हे' गळला आणि 'मिग्रेन' उरला. त्या 'हेमि'चा संस्कृत भाऊ 'सामि', त्याचाही अर्थ अर्धं. म्हणजे घरचा अर्धा काढून बाहेरचा अर्धा आणायचा!

रविवारचा_डॉक्टर
मान्य, पण परक्या शब्दातलं अर्धं पेशंटला ऐकू येत नाही. फॉर्मला तेवढं पुरतं.

अर्धवट
"शब्द कळत नाही, म्हणूनच तो चांगला." हे वाक्य शासकीय परिभाषेवाल्यांनी चौकट करून लावावं.

काढा_चिकित्सा
आयुर्वेदात याला 'अर्धावभेदक' म्हणतात. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात अर्ध्या डोक्यात फुटल्यासारखं, टोचल्यासारखं दुखणं, चक्कर आणि शूळ ही लक्षणं आहेत. पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक येतं, असंही सांगितलंय. हे पाळीनं परत येणं तुमच्या फॉर्मात आहे का बघा. निदानाला दुखण्याच्या जागेइतकंच ते महत्त्वाचं. 'सूर्यावर्त' वेगळा: उन्हाबरोबर चढतो, उन्हाबरोबर उतरतो. लोक दोन्हींना सरसकट अर्धशिशी म्हणतात, आणि तिथूनच ती सूर्योदयाआधीची जिलेबी आली असावी.

चिंचगूळ
जिलेबी! आमच्याकडे आईला पहाटे अंधारात बसवून दुधात बुडवलेली जिलेबी खायला घालायचे. सूर्य वर यायच्या आत, आणि कुणाशी बोलायचं नाही. ती पुढे उलटून पडायची ते वेगळं.

पण मला दुसरंच म्हणायचंय. आमच्या घरात अर्धशिशी हा शब्दच नव्हता. आईला 'पित्त' व्हायचं. दर हरतालिकेला निर्जळी झाली की दुसऱ्या दिवशी पित्त. लग्नघरी जागरण झालं की पित्त. वळवाच्या आधी उकडायला लागलं की पित्त. मग मधल्या खोलीची खिडकी लावून त्यावर चादर टाकायची, आई पदर फाडून केलेली पट्टी डोक्याला करकचून बांधून पडलेली, उशाशी बादली. आम्हाला हुकूम असा की कुकर लावायचा नाही (शिट्टी), हिंगाची फोडणी करायची नाही, शेजारच्या काकू आल्या तर दारातूनच परतवायच्या कारण त्या अत्तर लावायच्या. कपाळावर सुंठ उगाळून जाड लेप. तो वाळून तडकला की ती नखानं खरवडत बसायची. संध्याकाळी भडभडून ओकली की म्हणायची, "पडलं पित्त." आणि तासाभरात उठून भात टाकायची. दुसऱ्या दिवशी मात्र अंगातून कुणी जीव काढून नेल्यासारखी.

तिनं वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. मला स्वतःला हे सुरू झालं आणि मला मायग्रेन सांगितलं, तेव्हा आईचं काय होतं ते कळलं. तुमच्या फॉर्मात 'पित्ताचा त्रास होतो का' हा प्रश्न घाला, शाईपेन. अर्धशिशीला 'नाही' म्हणणाऱ्या सगळ्या तिथे सापडतील.

शाईपेन
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सिस्टरांना विचारते.

तळटीप
पित्त म्हणजे मायग्रेन नव्हे. असं लिहाल तर उद्या कोणत्याही शब्दाचा कोणताही अर्थ होईल.

चिंचगूळ
बायका जे म्हणतात तेच फॉर्मात विचारायचं ना? की आधी त्यांना प्राकृत शिकवायचं?

रविवारचा_डॉक्टर
चिंचगूळ यांना दुजोरा. "पित्तामुळे डोकं दुखतं" असं सांगणाऱ्यांत मायग्रेनवाले किती निघतात, ते ओपीडीत रोज दिसतं. उलटी झाल्यावर काहींना उतार पडतो, म्हणून समजूत पक्की होते. प्रत्यक्षात गाडी उलटी आहे. अटॅक आला की पोटाचीच हालचाल मंदावते, घेतलेली गोळी तिथेच पडून राहते. म्हणून गोळी दुखणं चढायच्या आत घ्यायची आणि पुष्कळदा उलटीच्या औषधासोबत देतात. हरतालिका, जागरण, उकाडा ही तुमच्या आईची यादी पुस्तकातल्या यादीशी जुळते. उपास, झोपेचा बिघाड, पाळीच्या आधी घसरणारं इस्ट्रोजेन. बायकांत हा त्रास पुरुषांच्या जवळपास तिप्पट आहे.

आणि एक सांगून ठेवतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. वारंवार येत असेल तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं वेगळी असतात. आयुष्यात कधी दुखलं नाही असं एकदम दुखलं, बोबडी वळली, हातातली शक्ती गेली, तर शब्दचर्चा करत बसू नका, दवाखाना गाठा.

मुक्कामपोस्ट
ते पट्टी बांधायचं आमच्यातबी हाय. डोस्क्याला फडकं आवळून, वर अमृतांजन. आजी तर फडक्यात लाकडी उलथन्याचा दांडा घालून पीळ द्यायची. लई आवळलं की म्हणायची आता गार वाटतंय.

अर्धवट
मला बामाचा वासच सोसत नाही. अटॅकपेक्षा बायकोनं प्रेमानं चोळलेला बाम जास्त लागतो. ऑफिसात ट्यूबलाइट थरथरायला लागली की समजायचं. मी सरळ जिन्याखालच्या स्टोअरमध्ये जाऊन बसतो, तिथे बल्ब गेलेला आहे आणि मी कुणाला बदलू देत नाही.

शाईपेन
'ऑरा'चं कुणीच बोललं नाही. मी 'पूर्वरूप' लिहू का? वैद्यकाचा शब्द आहे.

काढा_चिकित्सा
पूर्वरूप म्हणजे रोग उमटण्याआधीची लक्षणं. जांभयांवर जांभया, मान आखडणं, खारट-गोड खावंसं वाटणं, चिडचिड. ते आदल्या दिवशीही दिसतं.

रविवारचा_डॉक्टर
बरोबर, तो 'प्रोड्रोम'. ऑरा वेगळा. तो ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढेच दिसतो. मायग्रेन असलेल्या सगळ्यांना तो येतही नाही, साधारण चारात एकाला, फार तर तिघांत एकाला. दोन्हींना एकच शब्द वापरला तर माझी पंचाईत होईल.

चिंचगूळ
मला येतो. वाचताना एका अक्षराच्या जागी काहीच नसतं. काळं नाही, पांढरं नाही, नुसतं नसतं. मग त्या नसण्याच्या कडेनं करवतीचे दात लुकलुकायला लागतात आणि ती कड पसरत पसरत डोळ्याच्या बाहेर जाते. डोळे मिटले तरी तिथेच. एकदा समोरच्या माणसाचं अर्धं तोंड गेलं होतं आणि मी त्याच्याशी व्यवहाराचं बोलत होते. "काजवे चमकले" म्हणतात ते हे नव्हे. काजवे मार लागल्यावर चमकतात, एकदम, आणि लगेच विझतात.

मांडवीकाठ
या करवतीच्या कडेला युरोपातल्या डॉक्टरांनी तटबंदीचं नाव दिलंय. १८७० साली ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरानं स्वतःच्या ऑराची चित्रं काढून छापली, त्यातली कड त्यांच्याकडच्या कोनाकोनांच्या किल्ल्यांच्या नकाशासारखी दिसते.

मुक्कामपोस्ट
किल्ले म्हणलं की आम्ही येणारच! आपल्या गडांचे बुरूज गोल. पन्हाळा बघा, राजगड बघा, तट डोंगराच्या कडेनं जाईल तसा. असं करवतीगत काय दिसत नाही. म्हणून मराठी माणसाला ऑरात किल्ला दिसायचा नाही.

मांडवीकाठ
वसईचा कोट वरून पाहा. पोर्तुगीजांचे बाणाच्या टोकासारखे बुरूज. दिसेल की.

तळटीप
तटावरच्या कंगोऱ्यांना 'चर्या' म्हणतात. 'चर्यादर्शन' करा. स्वदेशी आणि अर्थवाही.

अर्धवट
"ताई, चर्यादर्शन होतं का?" "हो, परवाच तुळजापूरला जाऊन आलो."

शाईपेन
😀 मी 'दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात का / नजरेत मधेच काही दिसेनासं होतं का' असं लांबलचक लिहून टाकते. शब्दच नको. पण थ्रॉबिंग? ठणकणारे, ठसठसणारे, घण घातल्यासारखे, शीर उडल्यासारखे? एकच ठरवा ना कुणीतरी.

तळटीप
ठसठसणं जखमेचं, आत पू झालेला असतो तेव्हाचं. घण बाहेरून बसतात. ठणकणंच योग्य, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि चूक आहेत म्हणून सांगा.

मुक्कामपोस्ट
तुम्हीच सांगा सासूबाईंना. त्यांना कशाला मधी घालता.

अर्धवट
आधी लिंग ठरवा. अर्धशिशी ती. मायग्रेन तो की ते? माझा मुलगा म्हणतो "मायग्रेन आला", बायको म्हणते "मायग्रेन झालं".

तळटीप
परके शब्द नपुंसकलिंगी घ्यावेत.

चिंचगूळ
टेबल ते, पण बस ती आणि फोन तो. कोणत्या नियमानं?

काढा_चिकित्सा
लेपाबद्दल राहिलंच. सुंठ पाण्यात उगाळायची, दुधात नव्हे. आणि वाळायच्या आत पुसायची, नाहीतर कपाळ भाजतं.

मुक्कामपोस्ट
आमच्यात जायफळ उगाळत्यात. सुंठ सर्दीला.

चिंचगूळ
जायफळ बाळाला झोप लागायला. अर्धशिशीला सुंठच, कुणालाही विचारा.