समिती हिशेब दाखवत नसेल तर काय करावे?

प्रश्न: आमच्या गृहसंकुलाच्या समितीने देखभाल शुल्क वाढवले, परंतु खर्चाचा तपशील मागितला की ‘सभेत पाहू’ असे उत्तर मिळते आणि सभेच्या कार्यसूचीवर तो विषयच नसतो. सदस्यांनी काय करावे?

प्रतिसाद: तोंडी विचारणा थांबवावी. जमाखर्च, लेखापरीक्षण अहवाल आणि सभांचे इतिवृत्त यांची नेमकी मागणी करणारा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. दप्तर पाहण्याचा सदस्यांचा अधिकार उपविधींत (संस्थेच्या नियमावलीत) बहुधा नमूद असतो.

प्रतिसाद: राखीव निधीही तपासा. तो वर्षानुवर्षे अपुरा राहिला, की छताच्या किंवा लिफ्टच्या दुरुस्तीच्या वेळी मोठी एकरकमी वर्गणी माथी येते.

प्रतिसाद: सहमत. मात्र गणपूर्तीअभावी (किमान आवश्यक उपस्थिती नसल्याने) सभा तहकूब होते, तेव्हा गैरहजरांत (खेदाने म्हणावे लागते) तक्रारदारही असतात. उपविधींत तरतूद असल्यास पुरेशा सदस्यांच्या सह्यांनी विशेष सभेची मागणी करावी.